कसाब आणि बिर्याणी: भाच्याच्या भाषणात काय ठेवू, काय काढू?

शर्वरी_मिरज

नमस्कार मंडळी. माझा भाचा अकरावीत आहे. २६ नोव्हेंबरला त्यांच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा असते आणि यंदा त्याने विषय घेतलाय अजमल कसाब. पोराचा जन्मच २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतरचा, त्यामुळे त्याला जे माहीत आहे ते सगळं मोबाईलवरून आलेलं. काल त्याने मला आठ मिनिटांचं भाषण म्हणून दाखवलं. त्यातली तीन मिनिटं बिर्याणी! 'चार वर्षं आर्थर रोडमध्ये बिर्याणी खायला घातली' हे वाक्य तीनदा येतं, दर वेळी आवाज चढवून. कुठे वाचलंस म्हणून विचारलं, तर म्हणतो, "मावशी, हे सगळ्यांनाच माहीत आहे."

मी शिकवते भूगोल. मला यातलं खात्रीने काही सांगता येईना. बिर्याणीचं खरं आहे का? हा मुलगा मुळात होता कोण? आणि पकडल्यापासून फाशीपर्यंत चार वर्षं नेमकं काय चाललं होतं? ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनीच सांगावं ही विनंती. स्पर्धेत परीक्षक कुणीही असो, पोराने खोटं बोलू नये एवढंच मला वाटतं.

रणजित_७७

ताई, भाषण आहे तसं ठेवा, टाळ्या पडतील. एका माणसावर कोट्यवधी रुपये खर्च झाले हे खोटं आहे का? चौपाटीवर हातात सापडला तेव्हाच गोळी घालून विषय संपवायला हवा होता. अख्ख्या जगाने रायफल घेतलेला त्याचा फोटो पाहिला होता, आणखी कसले पुरावे हवे होते? आपण फार सोशीक आहोत, हेच खरं.

दत्ता_कळवा

शर्वरीताई, मी मध्य रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. २०१६ साली निवृत्त झालो. त्या रात्री दुसऱ्या पाळीला व्हीटीच्या (आताचं सीएसएमटी) लोकलच्या बुकिंग ऑफिसात खिडकीवर बसलो होतो. म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, मी कसाबला पाहिलं नाही. गणपतीत कुणाकडे गेलो आणि विषय निघाला की सगळ्यांना वाटतं, हा तिथे होता म्हणजे याने पाहिलाच असणार. मी फक्त आवाज ऐकला. रात्रीचे पावणेदहा होऊन गेले होते. आवाज आला मेल गाड्यांच्या हॉलकडून. त्या दिवशी कटकला इंग्लंडविरुद्ध मॅच होती आणि आपण जिंकलो होतो, तेव्हा शेजारच्या खिडकीवरचा आमचा माणूस म्हणाला, कुणीतरी लडी लावली. माझ्यासमोर एक गृहस्थ होते, कल्याण रिटर्न मागितलं होतं, पन्नासची नोट आत सरकवली होती. तिकीट छापून बाहेर आलं, मी सुटे मोजत होतो, मान वर केली तर खिडकीसमोर कुणीच नाही. अख्खी रांग गेलेली. तेव्हा कळलं की हे फटाके नाहीत.

आम्ही चौघं काउंटरखाली. तिथून ऐकू येत होती ती विष्णू झेंडे यांची अनाउन्समेंट. एरवी तोच आवाज सांगायचा, अमुक फलाटावरची गाडी अमुक वाजता सुटेल. त्या रात्री ते वरच्या केबिनमधून सारखे सांगत होते, स्टेशनातून बाहेर पडा, मागच्या बाजूने बाहेर पडा. लोकलमधून उतरणारी माणसं त्यांचं ऐकून मागे वळली. त्या वेळी भरून आलेली एक लोकल म्हणजे किती माणसं असतात हे ज्याने व्हीटीला खिडकीवर वर्षं काढली आहेत त्याला विचारा. पुढे ते दोघं हल्लेखोर आमच्या बाजूला आले आणि केबिनच्या दिशेनेही गोळ्या सुटल्या. झेंडे यांनी माईक सोडला नाही.

पहाटे मी मेल हॉलमध्ये गेलो. जायला नको होतं, पण गेलो. तिथले लोक आमच्या रोजच्या पासवाल्यांतले नव्हते. लांबच्या गाड्यांसाठी दोन-दोन तास आधी येऊन सामानावर बसलेली माणसं, बायका, लेकरं. दोरीने बांधलेल्या बॅगा, स्टीलचे डबे, एका डब्यात अर्धवट खाल्लेली पुरी-भाजी. चपला तर इतक्या, की पाय कुठे ठेवावा कळेना. एका स्टेशनात ५० हून जास्त माणसं गेली आणि शंभराहून जास्त जखमी झाली. संपूर्ण हल्ल्यात १६६ गेले, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा आमच्या स्टेशनात. ताज आणि ट्रायडंटची दृश्यं तीन दिवस टीव्हीवर चालली. आमच्या हॉलमधली माणसं मात्र पहिल्याच रात्री संपली होती आणि सकाळी लोकल सुरूही झाल्या. मी ड्युटीवर होतो.

आता तो कोण होता ते. पाकिस्तानी पंजाबातल्या ओकारा जिल्ह्यातलं फरीदकोट हे त्याचं गाव, जन्म १९८७ चा. म्हणजे त्या रात्री वय एकवीस. बाप गाडीवर दहीपुरी-भजी विकायचा. पोराने चौथीत शाळा सोडली, लाहोरला मजुरी केली. कबुलीजबाबात त्याने सांगितलंय की घरात भांडण झालं, बाहेर पडला, पुढे एका जोडीदाराबरोबर दरोडे घालायचं ठरवलं. त्यासाठी बंदूक हवी होती. ती शोधत रावळपिंडीत फिरताना लष्कर-ए-तोयबाच्या माणसांपर्यंत पोहोचला. मग मुरीदकेचा तळ, मग एकामागून एक प्रशिक्षणं, शेवटी समुद्राचं. दहा जण कराचीहून निघाले, वाटेत आपल्याकडची 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवली, तिचे तांडेल अमरसिंह सोळंकी यांना मुंबईजवळ येईपर्यंत बोट चालवायला लावून मग मारलं, आणि रबरी होडीतून बधवार पार्कच्या कोळीवाड्यात उतरले. तिथून पाच जोड्या. कसाब आणि अबू इस्माईल ही जोडी टॅक्सीने आमच्याकडे आली.

ताई, हे सगळं मी नंतर वर्षानुवर्षं कात्रणं काढून वाचलं. बायको म्हणायची, कशाला तेच तेच वाचता. मला कळून घ्यायचं होतं. दही-भज्याच्या गाडीवरचं पोरगं लांबच्या गाडीची वाट बघणाऱ्या बाईवर रायफल का रोखतं? पूर्ण कळलं असं आजही म्हणवत नाही. गरिबी म्हणाल तर हॉलमधली माणसं त्याच्याहून गरीब होती.

व्हीटीतून ते पादचारी पुलावरून कामा हॉस्पिटलकडे गेले. तिथून पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. रंगभवनच्या गल्लीत पोलीस अधिकारी करकरे, कामटे आणि साळसकर मारले गेले. मग पळवलेली स्कोडा, आणि गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी. तिथे तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना त्याच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि पोटात गोळ्या झेलत धरूनच ठेवली. म्हणून बाकीच्यांना झडप घालता आली. इस्माईल मेला, हा जिवंत सापडला. रणजितराव, तुम्ही म्हणता तशी गोळी घालायला हात तिथेही शिवशिवले होते. जमाव बनून पोलीसच त्याला मारत होते. संजय गोविलकर या अधिकाऱ्याने, स्वतःला गोळी लागलेली असताना, अडवलं. हा जिवंत हवा, हाच पुरावा आहे, हे त्यांना त्या क्षणी सुचलं.

तुमच्यासारखंच मीही म्हणत होतो, खोटं कशाला सांगू. बिर्याणीसुद्धा मी डब्याच्या वेळी चार लोकांत सांगितलेली आहे, अगदी संतापाने. मग २०१५ साली पेपरात आलं. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जयपूरच्या एका परिषदेत स्वतः सांगितलं की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि त्याला कधी दिलीही गेली नव्हती. राखीपौर्णिमेच्या दिवशी कोर्टात त्याच्या डोळ्यांत पाणी आलं अशा बातम्या चालल्या, त्याच्याबद्दल लोकांना कणव वाटू लागली, ती लाट मोडण्यासाठी आपण पत्रकारांना तसं सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा हेतू त्यांना ठाऊक. मी ते वाचलं आणि तो पेपर दुमडून बराच वेळ तसाच बसून राहिलो. सहा वर्षं मी त्या हॉलची गोष्ट सांगायचो आणि शेवटी बिर्याणीवर यायचो. माझ्यासमोर पुरी-भाजीचा डबा होता, तो मी कधी सांगितला नाही. न घडलेली बिर्याणी मात्र दरवेळी सांगितली.

भाच्याला म्हणावं, ती तीन मिनिटं काढ. तिथे झेंडे घाल, गोविलकर घाल.

ॲड_मृण्मयी

दत्ताकाका, तुमचं लिहिणं वाचून मन भरून आलं. खटल्याचं मी सांगते. मी फौजदारी वकिली करते आणि सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल आम्ही ज्युनिअर असताना रात्र-रात्र बसून वाचलाय.

शर्वरीताई, 'चार वर्षं' हा आकडा भाषणात मोठा वाटतो, पण तो उलगडून बघा. पकडला २६-२७ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर. आरोपपत्र फेब्रुवारी २००९ मध्ये, अकरा हजारांहून अधिक पानांचं. खटला एप्रिलमध्ये आर्थर रोड तुरुंगाच्या आवारातच खास कोर्ट उभारून सुरू झाला, न्यायाधीश एम. एल. तहलियानी. सहाशेहून अधिक साक्षीदार. आणि ३ मे २०१० ला दोषी ठरवलं, ६ मे ला फाशी सुनावली. अटकेपासून शिक्षेपर्यंत दीड वर्ष. आमच्याकडे एका साध्या खुनाच्या खटल्यात दीड वर्षात कधी कधी आरोपसुद्धा निश्चित होत नाहीत. मग २१ फेब्रुवारी २०११ ला मुंबई उच्च न्यायालयाने फाशी कायम केली, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने. ५ नोव्हेंबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी दयेचा अर्ज फेटाळला. २१ नोव्हेंबर २०१२, सकाळी साडेसात, येरवडा. आर्थर रोडला फाशीची सोय नाही, राज्यात ती येरवडा आणि नागपूरला आहे, म्हणून त्याला दोन-तीन दिवस आधी रात्री गुपचूप पुण्याला नेलं होतं. दफनही तुरुंगाच्या आवारातच केलं.

रणजितदादा, 'फोटो होता, आणखी काय हवं' असं म्हणता ना, तो फोटो छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी कोर्टात येऊन शपथेवर सिद्ध केला तेव्हा तो पुरावा झाला. पायात गोळी लागलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी कुबड्या घेऊन आली आणि तिने बोट दाखवून त्याला ओळखलं. 'कुबेर' बोटीत सापडलेला गुलाबी फोम आणि शहरात पेरलेल्या बॉम्बमधला फोम एकच निघाला. बोटीतल्या कपड्यांवरचा डीएनए हल्लेखोरांशी जुळला. यातली एकेक गोष्ट म्हणजे कराचीपासून व्हीटीपर्यंतच्या साखळीची कडी आहे. पाकिस्तान आधी तो आमचा नाहीच म्हणत होता. ७ जानेवारी २००९ ला त्यांना कबूल करावं लागलं. चौपाटीवर मेलेला माणूस कुणाचाच नसतो हो. बाकीच्या नऊ जणांचं काय झालं आठवा, मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी त्यांना आपल्या कबरस्तानात जागा नाकारली आणि वर्षभराने ते गुपचूप पुरले गेले.

त्याने कोर्टात काय काय केलं तेही सांगते, कारण लोकांना वाटतं तो चार वर्षं एकाच तोऱ्यात बसून होता. आधी म्हणाला मी अल्पवयीन आहे. हाडांची आणि दातांची तपासणी झाली, तो वीसच्या वर निघाला. मग गुन्हा नाकबूल. मग २० जुलै २००९ ला साक्ष चालू असताना अचानक उभा राहिला आणि सगळं कबूल करतो म्हणाला. तिथे दुसरा कुणी न्यायाधीश असता तर कदाचित सुटकेचा निःश्वास टाकला असता. तहलियानींनी ती कबुली नोंदवून घेतली, पण ती सगळ्या आरोपांना पुरत नाही म्हणून खटला पुढे चालूच ठेवला. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. कारण डिसेंबरात गडी फिरला! म्हणाला, मी तर सिनेमासाठी मुंबईला आलो होतो, हल्ल्याच्या आधीच मला जुहूला पकडून ठेवलं होतं. कबुलीवरच सगळं टेकवलं असतं तर त्या दिवशी काय झालं असतं याचा विचार करा.

आणि एक गोष्ट भाच्याला नक्की सांगा, ती कुणीच सांगत नाही. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. मुंबईचे नकाशे यांनी पुरवले असा आरोप. त्यांच्याविरुद्धचा पुरावा कोर्टाला विश्वासार्ह वाटला नाही, दोघांना या खटल्यातून निर्दोष सोडलं, आणि ते वरच्या दोन्ही न्यायालयांत टिकलं. ज्या कोर्टाने कसाबला फाशी दिली, त्याच निकालपत्रात ही सुटका आहे. आमच्यातल्याच वकिलांनी त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे ठराव केले होते, ज्या वकीलबाईंची नेमणूक झाली त्यांच्या घरावर जमाव गेला होता. तरीही त्याला शेवटपर्यंत वकील मिळाला. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र (न्यायालयाने नेमलेले वकील) म्हणून त्याच्या बाजूने जितकं मांडता येईल तितकं मांडलं. म्हणूनच ती शिक्षा आज कुणी उकरू शकत नाही.

खर्चाचं: कोट्यवधी झाले हे खरं. पण त्यातला बहुतांश बॉम्बरोधक कोठडी आणि आयटीबीपीचा (भारत-तिबेट सीमा पोलिसांचा) पहारा यांवर. त्याच्या जेवणाचा चार वर्षांचा खर्च हजारांत होता.

रणजित_७७

मृण्मयीताई, दोघांना सोडल्याचं मला माहीत नव्हतं. काका, तुमचं वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. माझा चुलतभाऊ पोलिसात आहे, त्या रात्री त्याच्याकडे जुनी थ्री नॉट थ्री होती आणि समोर एके-४७. तो राग जात नाही. पण बिर्याणीचं मी पुन्हा कुठे लिहिणार नाही.

कोठडीत तो दिवसभर काय करायचा, हे कुणाला माहीत आहे का?

दत्ता_कळवा

रणजितराव, राग माझाही गेलेला नाही. तो असू द्या.

कोठडीचं बाहेर फार थोडं आलं. एकटाच असायचा, आसपास दुसरा कैदी नाही, घरचं कुणी भेटायला नाही, आणि ज्यांनी पाठवलं त्यांच्याकडून ओळखही नाही. उच्च न्यायालयाच्या सुनावणीला त्याला तुरुंगातून व्हिडिओवर आणायचे, तिथे एकदा तो कॅमेऱ्यावर थुंकला होता. फाशीच्या आधी पाकिस्तान सरकारला कळवलं होतं, मृतदेह कुणी मागितला नाही.

ज्या दिवशी फाशीची बातमी आली तेव्हा मी सकाळच्या पाळीला होतो. खिडकीवर गर्दी होती. कुणीतरी पेढे आणले, मीही घेतला. मग मेल हॉलकडे चक्कर मारून आलो. नेहमीसारखीच माणसं सामानावर बसली होती, एक बाई लेकराला केळं भरवत होती. चार वर्षांपूर्वी इथे काय झालं हे तिला माहीत असेल-नसेल. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि परत खिडकीवर आलो.

आणि एक राहिलं. ते कल्याण रिटर्न. दुसऱ्या दिवशी कॅश मिळवताना ते तिकीट नॉन-इश्यू, म्हणजे न दिलेलं, दाखवावं लागलं, त्या पन्नासचा हिशेब वेगळा लिहून भरला. त्या गृहस्थांचा चेहरा मला पुसट आठवतो, चष्मा होता. जखमींच्या आणि गेलेल्यांच्या याद्यांबरोबर फोटो यायचे, ते मी बरेच दिवस बघत होतो. त्यांत ते दिसले नाहीत. पोलिसांनी आम्हा सगळ्यांचे जबाब घेतले, तेव्हा मी हेही सांगितलं. साक्षीला मला बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी काही पाहिलंच नव्हतं.

शर्वरी_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला शेजारी बसवून पूर्ण धागा वाचायला लावला. आधी हिरमुसला, कारण टाळीचं वाक्य गेलं. मग दत्ताकाकांचं दोनदा वाचलं आणि विचारलं, "मावशी, झेंडे अजून आहेत का गं रेल्वेत?" आता भाषण झेंडेंच्या माईकपासून सुरू होतंय. मग ओंबळे, मग कोर्ट, आणि २० जुलैची कबुली व नंतरची पलटी. दोघांच्या सुटकेचं वाक्य त्याने स्वतःहून घातलं. कसाबचं बालपण एका परिच्छेदात. 'कोळंबे गावचे तुकाराम ओंबळे' असं लिहिलंय, ते बरोबर आहे ना?

दत्ता_कळवा

केडंबे. तालुका जावळी, जिल्हा सातारा. आणि त्यांचा हुद्दा सहायक उपनिरीक्षक होता, त्याआधी ते लष्करात होते. अशोकचक्र २००९ साली. पोराला म्हणावं, नाव घेताना जरा थांबून घे.